सासऱ्यांच्या खापरपणजोबांचा मोक्यात शोध

मॉरिशसला जावई म्हणून गेलं की समुद्रकिनारे नंतर, आधी नातेवाईक. यंदा मात्र सासऱ्यांनी पहिल्याच सकाळी गाडी मोका नावाच्या गावाकडे काढली. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. 1834 नंतर साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून या बेटावर उतरली. त्यातली काही आपल्या रत्नागिरीकडची. 2024 मध्ये भारताने इथल्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) जाहीर केलं आणि वंश दाखवायला घरोघरी जुने दाखले बाहेर निघाले.

शोध उलटा चालतो. आधी स्वतःचा जन्मदाखला, मग वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा. एखाद्या दाखल्यावर मजुराचा क्रमांक मिळाला की निम्मं काम झालं. नावाच्या भरवशावर राहायची सोय नाही, कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलंय.

आम्हाला सासऱ्यांच्या खापरपणजोबांचा क्रमांक सापडला. मुंबईहून आलेला, वय 22, उंची पाच फूट दोन इंच, डाव्या भुवईवर व्रण, जिल्हा रत्नागिरी, तालुका मालवण. (सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला, तेव्हा जुन्या कागदात तो शोधू नका.) गावच्या दप्तरात खोताचं नाव मिळेल, वतनदाराचं मिळेल, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या गड्याचं कुठून मिळणार? खानेसुमारीतही आकडे उरले, माणसं नाहीत. इथे भुवईसुद्धा टिपून ठेवलेली.

अर्थात प्रेमापोटी नव्हे. महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. करार संपलेल्यांनाही 1867 च्या कायद्याने फोटोचा पास बाळगावा लागे, नसला की भटक्या म्हणून अटक. त्या पासामुळेच आज आम्हाला त्यांचा चेहरा दिसला: डोक्याला मुंडासं, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, आणि नाक थेट सासऱ्यांचं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हट्टही तिथूनच आलाय.

"गाव आता तुम्ही शोधायचं, जावईबापू," सासरे म्हणाले. गावाच्या रकान्यात क आणि ल एवढेच काय ते ओळखू येतात. फोटो काढून मालवणच्या मित्राला पाठवला. "काळसे, नायतर कांदळगाव," त्याचं उत्तर. मे महिन्यात दोन्हीकडे जायचं ठरलंय. सासऱ्यांनी तिकीटही काढलंय.