जेलरोडला ड्रोन का काढत नाही

मी लग्नाचं शूटिंग करतो. नाशिकमधला नाशिकरोड, जेलरोड, उपनगर हा माझा नेहमीचा पट्टा. इकडे ड्रोनच्या बॅगेआधी मोबाइलवर डिजिटल स्कायचा नकाशा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते रंगांनी दाखवणारा सरकारी नकाशा, उघडावा लागतो. नोटांचा छापखाना, तोफखान्याचं केंद्र, आणि वस्तीला खेटून मध्यवर्ती कारागृह.

मागच्या लग्नसराईत नवरदेवाचे मामा म्हणाले, "भाऊ, वरात जेलरोडनेच जाणार. भिंतीवरून एक झकास शॉट घ्या की! एवढासा तर ड्रोन आहे."

मी नाही म्हटलं. मामा रुसले.

२५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कोण विचारतं, असं आमच्या धंद्यातली पोरंही म्हणतात. साफ चूक. २०२१च्या ड्रोन नियमांत छोट्या ड्रोनला काही सवलती आहेत, पण रेड झोनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या लाल भागात, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कुठल्याच वजनाचा ड्रोन चालत नाही. शिवाय पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन करू शकतात. म्हणून काल हिरवा दिसलेला नकाशा आज परत बघायचा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी २०२४पासून बंदिस्त तुरुंगांभोवती ४०० मीटरची हद्द आहे. आत ड्रोन नेला तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. मला हे पटतं, कारण ४०० मीटर कुणालाही कळतात. आपल्याकडे सगळं नकाशातल्या रंगावर, आणि मामांकडे तो नकाशा नसतो. जेलरोडच्या चौकाचौकात मराठीत ठळक पाटी हवी.

वरून गांजा, मोबाइल आत पडण्याची भीती खरीच आहे. पण माझ्या मनात त्याहून जास्त आतली माणसं येतात. देशातल्या तुरुंगांत दर चारांतले सुमारे तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. नाशिकरोड जेलमधल्या बंद्यांनी घडवलेले गणपती आपण हौसेने घरी आणतो. त्यांच्यातल्याच कुणाचा चेहरा डीजेच्या गाण्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या रीलमध्ये फिरला, आणि तो त्याच्या शाळकरी मुलीने वर्गातल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर पाहिला तर? त्या माणसाला नको म्हणायचीही सोय नाही.

आता सिंहस्थाला बाहेरगावचे कितीतरी ड्रोनवाले येतील. पाट्या त्याआधी लागल्या पाहिजेत. माझ्या बुकिंगच्या कागदावर मी ओळ छापून घेतली आहे: जेल परिसरात ड्रोन शूटिंग होणार नाही.