तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चच्या भिंतीला तेल कशाला?

‘तुमच्यात नवं चर्च बांधलं की प्राणप्रतिष्ठा करतात का हो?’ वसईबाहेरच्या मित्रमंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. मला तो आवडतो. नुसती फीत कापून भागत नाही, हे विचारणाऱ्याला आधीच उमगलेलं असतं.

पण प्राणप्रतिष्ठा नव्हे. आम्ही कॅथलिक लोक दगडात देवाला आणून बसवत नाही. ती वास्तू कायमची देवाच्या स्वाधीन करतो. आणि ते करतो तेलाने. याची मुळं फार जुनी आहेत. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाच्या 28व्या अध्यायात याकोब रानात दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात त्याला देवदर्शन होतं, आणि सकाळी उठून तो त्याच दगडावर तेल ओततो.

आमचं तेल म्हणजे ऑलिव्हचं तेल, त्यात बाल्सम नावाचं सुगंधी द्रव्य. पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीचा गुरुवार) किंवा त्याच्या आधी एखाद्या दिवशी बिशप, म्हणजे आमच्या धर्मप्रांताचे प्रमुख, आपल्या धर्मगुरूंसोबत खास मिस्सा (भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची आमची मुख्य उपासना) करतात, तेलावर फुंकर घालून प्रार्थना म्हणतात. मग ते तेल गावोगावच्या चर्चमध्ये जातं. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या बाळाच्या टाळूला हेच तेल, नव्या धर्मगुरूच्या तळहातांना हेच, आणि चर्चच्या भिंतीलाही हेच. वास्तूसाठी वेगळं तेल नाही. मला विचाराल तर सगळा अर्थ इथेच आहे: जे माणसांचं केलं, तेच त्यांच्या घराचं.

चर्चच्या समर्पणाचा सध्याचा विधी 1977 सालचा. सुरुवातीला वेदी, म्हणजे जिच्यावर मिस्सा अर्पण होते ते मेज, अगदी उघडी असते. ना कापड, ना मेणबत्ती. बिशप लोकांवर, भिंतींवर, वेदीवर पवित्र पाणी शिंपडतात. वाचनं होतात, संतांची नामावळी म्हटली जाते, संताचे अवशेष असतील तर ते वेदीखाली ठेवतात. समर्पणाची प्रार्थना होते आणि मग तेल. वेदीच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर तेल ओतून बिशप ते तळहाताने दगडभर पसरवतात, अगदी मन लावून. अख्खं चर्च त्या हाताकडे बघत असतं. पुढे भिंतींवर बारा किंवा चार ठिकाणी क्रुसाच्या खुणांवर तेल लावतात, वेदीवर धूप जाळतात. त्यानंतर वेदी पुसून कापड अंथरायचं, दिवे लावायचे आणि मिस्सा पुढे न्यायची. खरं शिखर ही मिस्साच. तेल, धूप, दिवे सगळं तिच्यासाठी.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग कधी चर्च बंद करायची वेळ आली तर? गंभीर कारण असेल तर बिशप तसा लेखी निर्णय देऊ शकतात. इमारत दुसऱ्या, पण बीभत्स नसलेल्या कामाला देता येते. वेदीचं मात्र तसं नाही. चर्च सामान्य वापरात गेलं, तरी चर्चच्या कायद्यानुसार तेवढ्यानं वेदीचं पावित्र्य जात नाही.