शिपायामागे आठ रुपये

खोक्यावर दात्याच्याच अक्षरात ‘नोकरीविषयक’ असं लिहिलं होतं, म्हणून आमच्या मदतनिसानं ते थेट स्पर्धा परीक्षेच्या खोलीत नेऊन ठेवलं. दोन दिवसांनी एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, त्या खोक्यात तलाठी भरतीचं काहीच नाहीये. सगळी कुठल्या कुठल्या लढायांची पुस्तकं आहेत.”

पुस्तकं एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची. ते गेल्यावर घरच्यांनी ग्रंथालयाला दिली. खोकं उघडलं आणि मला हसू आलं. पुस्तकं नोकरीविषयकच होती, फक्त नोकरी भाडोत्री सैनिकाची. सर जेम्स टर्नर या सतराव्या शतकातल्या स्कॉटिश माणसाच्या आठवणी होत्या. जर्मनीतल्या युद्धात नोकरी करताना आपण एक घातक तत्त्व गिळलं, असं तो कबूल करतो: धन्याची चाकरी इमानानं केली की धनी कोण, हे बघायचं कारण नाही. अमेरिकेतून निघणाऱ्या ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’ मासिकाचे १९७६ च्या आसपासचे अंक होते. ते चाळताना डॅनिएल गिअरहार्ट आठवला. या अमेरिकन माणसानं भाडोत्री सैनिक म्हणून याच मासिकात ‘काम हवंय’ अशी जाहिरात दिली होती. अंगोलात पोचल्यावर थोड्याच दिवसांत पकडला गेला आणि जुलै १९७६ मध्ये लुआंडात त्याला गोळ्या घातल्या.

आणि तळाशी, झेरॉक्स काढून घरीच शिवलेलं एक बाड. लुई फर्डिनांड स्मिथ हा शिंद्यांच्या कंपूतला, म्हणजे कवायती फौजेतला, अधिकारी. हिंदुस्थानी राजांच्या पदरी गोऱ्यांनी उभ्या केलेल्या पलटणींची हकिकत त्यानं लिहिली आणि कलकत्त्यात छापली. हस्तपुस्तिका असं त्यावर कुठं लिहिलेलं नाही. पण हिंदुस्थानात जाऊन तलवार भाड्यानं द्यावी का, दिली तर काय मिळतं, कोण बुडालं, कोण तरलं, हे त्यात इतकं चोख आहे की मी तरी त्याला हस्तपुस्तिकाच म्हणेन. दाखल नोंदवहीत चढवायचं तर वर्गांक ३५५ द्यावा की ९५४, सैन्यशास्त्र की इतिहास, इथं माझं घोडं अडलं.

तेवढ्यात आमचे वॉचमन काका चहा घेऊन टेबलाशी टेकले. काका खटावकडचे. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढली, आता कंत्राटदाराकडून आमच्या दारावर. बाडावरचं ‘रेजिमेंट’ त्यांनी वाचलं असावं.

“कसलं पुस्तक, मॅडम?”

मी सांगितलं. महादजी शिंद्यांनी १७८४ साली डी बॉयन नावाच्या माणसाला ठेवलं. हा साव्हॉयमधल्या शांबेरीचा, आधी फ्रेंचांकडे, मग रशियनांकडे, मग ईस्ट इंडिया कंपनीकडे नोकरी करून आलेला. त्यानं दोन पलटणी उभ्या करून द्यायच्या. त्याला स्वतःला दरमहा १,००० रुपये आणि शिपायामागे ८.

“शिपायाला आठ?”

“नाही. शिपायाच्या हातात साडेपाच.”

काकांनी कप खाली ठेवला. “मधलं अडीच?”

“अधिकाऱ्यांच्या पगारासाठी राखायचा.”

“म्हंजे कंत्राटदारच की हो!”

इतकी वर्षं मराठ्यांच्या इतिहासावरची पुस्तकं मी हाताळतेय. कवायती फौज, फ्रेंच पद्धत, पाटणची लढाई, मेडत्याची लढाई. पण हा शब्द मला सुचला नव्हता. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा आणि पगार तुंबला की सरदाराच्या दारात धरणं, हे आपल्याला ठाऊक असतं. नारायणरावांवर शनिवारवाड्यात चालून आलेल्या गारद्यांचं तोंडदेखलं निमित्तही थकलेल्या पगाराचंच होतं. डी बॉयनचं वेगळेपण कवायतीत होतं तसं वेळेवर मिळणाऱ्या पगारातही होतं. पुढं महादजींनी त्याच्या फौजेच्या खर्चासाठी दुआबातला मुलूखच लावून दिला, त्यामुळे पैसा दरबाराच्या मर्जीवर अडकेना.

मग मी स्मिथचं ते पान काढलं आणि मराठी करून वाचलं. लढाईत जखमी झालेल्याला जखमेच्या मानानं पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढं बक्षीस. बरा होईपर्यंत पगार चालू, कपात नाही. कायमचा अपंग झाला तर अर्धा पगार जन्मभर, शिवाय जमीन.

“कपात नाही?” काकांनी परत विचारलं.

“नाही असं लिहिलंय.”

गेल्या महिन्यात काकांना डेंग्यू झाला होता. आठ दिवस सरकारी दवाखान्यात. हे मला माहीत होतं. त्या आठ दिवसांचे पैसे कापणार आहेत आणि आधीच्या महिन्याचा पगारही अजून झालेला नाही, हे नव्हतं. कंत्राट ग्रंथालयानंच दिलेलं, बिलं आमच्याच कार्यालयातून जातात. चहा मला कडू लागला.

काकांना पुढचं ऐकायचं होतं. मी थोडक्यात सांगितलं. डी बॉयन १७९५ च्या अखेरीस नोकरी सोडून गडगंज होऊन युरोपात परतला. त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच अधिकारी आला. १८०३ मध्ये शिंदे आणि कंपनी यांच्यात युद्ध पेटताच कंपनीनं जाहीर केलं की, शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची सोय लावू. बरेच गेले. स्मिथही गेला. पेराँही इंग्रजांच्या आसऱ्याला गेला.

“आन् पलटणी? पळाल्या?”

“नाही. १ नोव्हेंबरला लासवारीला लढल्या. बहुतेक गोरे साहेब नव्हतेच. गोलंदाज तोफा सोडेनात, संगिनी खुपसेपर्यंत उभे होते. समोरच्या इंग्रज फौजेच्या जनरल लेकनंच तसं लिहून ठेवलंय.”

काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “त्या महिन्याचा पगार कुणी दिला असंल त्यांना?”

स्मिथच्या पुस्तकाला पेन्शन घेतलेल्या अधिकाऱ्यांची फिकीर आहे. या प्रश्नाचं उत्तर मला त्या बाडात सापडलं नाही.

जाताना काकांनी कपात नसल्याचं ते पान झेरॉक्स करून मागितलं. “इंग्रजीत आहे, काका.” “असू द्या. तुम्ही खाली मराठीत लिवा.” मी पेन्सिलीनं लिहिलं. ते त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि संध्याकाळी कंत्राटदाराचा सुपरवायझर आला तेव्हा त्याच्यापुढे धरलं. मी आतून काचेतून बघत होते. त्यानं वाचलं, उलटंपालटं केलं, आणि विचारलं, “हा कुठल्या कंपनीचा जीआर?”

बाडाला मी शेवटी ३५५ दिला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन थकलेल्या पगाराबद्दल लेखी अर्ज दिला. पगार १९ तारखेला आला, आठ दिवस कापून.