रायफल झिजते कशाने

सरावाच्या रायफली गोळ्या झाडून झिजतात, असं बहुतेकांना वाटतं. मी महूत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, म्हणून सांगतो: निम्म्या तरी पुसून पुसून झिजतात.

थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत पाच खाचा असतात, डावीकडे वळत गेलेल्या, दर १० इंचांत एक फेरा. फुलथ्रू म्हणजे नळी पुसायची दोरी. तिचं पितळी वजन मागून सोडायचं आणि चिंदी तोंडाकडून ओढून काढायची, दोरी नळीच्या रेषेत ठेवून. एनसीसीची पोरं ती तिरकी ओढतात, विहिरीतून घागर काढल्यासारखी. दोरीत धूळ बसलेली असतेच. मग नळीचं तोंड एका बाजूला घासत जातं, आणि गोळी शेवटी तिथूनच सुटते. नेम गेला! नाव मात्र फोरसाईटचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमखुणेचं.

जुन्या काडतुसांच्या बार पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतला ओलावा ओढतो आणि गंज धरतो. तो तेलानं विरघळत नाही. आधी उकळतं पाणी, मग कोरडी चिंदी, तेल सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात ही पहिली पायरी कोण गाळतं, ते कोतात, म्हणजे शस्त्रागारात, रायफल हातात घेतली की कळायचं.

आणि ते परेडमध्ये रायफलीवर मारायचे ठोके! आवाज खणखणीत यावा म्हणून काही उस्ताद नळी लाकडाला धरून ठेवणाऱ्या बँडचे (पट्ट्यांचे) स्क्रू मुद्दाम ढिले करवतात. लोक टाळ्या वाजवतात, आम्ही दात-ओठ खातो.

बाद करताना भावनेचं काम नाही. काडतुसाच्या जागी ०.०७४ इंचाचं गेज (मापाचा तुकडा) ठेवून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, बंद झाला, की फट जास्त; मग बोल्टहेड, म्हणजे त्याचं पुढचं टोक, बदलून बघायचं. तरी होतोच म्हटल्यावर त्या रायफलीनं गोळी झाडायची नाही. काहींची फायरिंग पिन निकामी करतात, चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) भोक पाडतात, 'डीपी', म्हणजे ड्रिल पर्पज, असा ठप्पा मारतात. त्या ड्रिलला चालतात. बाकीच्या कापायच्या. यात ढिलाई नको. जबलपूरच्या लष्करी डेपोतून चोरीला गेलेल्या एके-४७ २०१८ साली बिहारात मुंगेरला सापडल्या, हे वाचलं असेलच.

आमच्या राजेंद्रनगरातल्या एका काकांना गणपतीच्या देखाव्यासाठी 'एखादी बाद झालेली' हवी होती. म्हटलं, काका, १९५९ च्या शस्त्रकायद्यात सुटे भागही शस्त्रच. आता ते सुताराकडून लाकडाची करून घेताहेत. माप मी दिलंय: साडेचव्वेचाळीस इंच.