मॅडम, तुम्हाला हे बघवतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर एव्हाना मी या प्रश्नाला हसून बगल द्यायला शिकले आहे. व्याख्यान संपतं, चहा येतो, आणि कुणीतरी जवळ सरकून म्हणतं, "मॅडम, माणसं मरताना बघायला ते रोमन लोक बायकापोरांना घेऊन जायचे. त्यांच्यावर तुम्ही एवढी वर्षं घालवलीत, बघवतं कसं तुम्हाला?" शेजारचा लगेच पुस्ती जोडतो, "आणि तेही कोल्हापुरात खासबाग असताना!" पहिल्याला माझ्या काळजाची शंका असते, दुसऱ्याला माझ्या गावावरच्या मायेची.

खासबागेच्या कुस्ती-मैदानाचं आधी उरकते. 1902 साली विलायतेच्या वारीत शाहू महाराजांनी रोमचं कोलोसियम पाहिलं आणि तसलं मैदान आपल्या कुस्तीला पाहिजे असं मनाशी धरून ते परतले, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला समुद्रदेवाचा रोमन पुतळा तर त्याच्याही कितीतरी शतकं आधी या गावात आलेला. तेव्हा रोमला कोल्हापुरात मी आणलेलं नाही. पण त्यावरून "कुस्ती म्हणजे आपलं ग्लॅडिएटरच की" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. पैलवानाला गावात मान असतो, लग्नाच्या पंगतीत त्याला पुढे बसवतात. ग्लॅडिएटरची, म्हणजे रोमन मैदानात लोकांपुढे शस्त्रांनी लढणाऱ्या गड्याची, कायद्यानं बेअब्रू केलेली होती. नट आणि वेश्या यांच्या पंक्तीत त्याला बसवलेलं होतं आणि त्याच वेळी त्याची चित्रं घरोघरच्या मातीच्या दिव्यांवर होती. पूजाही करायची आणि विटाळही मानायचा, हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. पण ते कुस्तीत नाही, दुसरीकडे शोधा.

आता मूळ प्रश्न. पूर्वी मी त्याला वकिलासारखं उत्तर द्यायचे. म्हणायचे, प्रत्येक लढतीत कुणी मरत नसे. शिकवून तयार केलेला गडी म्हणजे मालकाची गुंतवणूक. तो मेला तर खेळ भरवणाऱ्याला भरपाई द्यावी लागायची. मैदानात काठी घेतलेला पंच असायचा. हरलेला बोट वर करून जीवदान मागू शकायचा आणि पुष्कळदा त्याला ते मिळायचं. अंगठा खाली करण्याचं जे दृश्य सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं, ते 1872 सालच्या एका फ्रेंच चित्रानं जगाच्या डोक्यात भरवलं. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: ज्या काळची माणसं त्या काळच्या मापानं मोजावीत.

यातलं पहिलं सगळं खरं आहे. शेवटचं वाक्य मात्र आता माझ्या तोंडून निघत नाही. त्या काळच्याच सेनेका या रोमन तत्त्वज्ञानं एका पत्रात लिहून ठेवलंय की तो दुपारच्या वेळी मैदानात गेला, तिथं ढाल-शिरस्त्राणाशिवाय उभ्या केलेल्या माणसांची निव्वळ कत्तल चालली होती, आणि तो घरी आला तो जास्त क्रूर होऊन आला. म्हणजे माप त्या काळीही होतंच की. मग मी कुणाला वाचवत होते? त्यांना, की त्यांच्यावर घालवलेल्या माझ्या वर्षांना?

आणि विचारलंतच तर हेही ऐका. नेपल्सच्या म्युझियममध्ये ज्वालामुखीनं गाडलेल्या पाँपेई शहरातल्या ग्लॅडिएटरांची शिरस्त्राणं आहेत. एकावर ट्रॉय शहर पडतानाचा सगळा प्रसंग काशात उठवलाय. धावणारी माणसं, उगारलेल्या तलवारी, म्हातारा राजा. ही टोपी साधारण चार किलोची, सैनिकाच्या शिरस्त्राणाच्या जवळजवळ दुप्पट, कारण सैनिकाला दिवसभर चालायचं असतं आणि याला थोडाच वेळ लढायचं असतं. मी त्या काचेपुढून हलेना. बघवतं कसं म्हणता? डोळे निघत नव्हते तिथून. याचा मला अभिमान नाही आणि लाजही वाटत नाही.

पण माझं खरं भांडण तुमच्या प्रश्नातल्या "बायकापोरां"शी आहे. तुम्ही त्यांना प्रेक्षकांत शोधता. आता तिथं ऑगस्टस बादशहानं बायकांना पार वरच्या रांगांत, मागे बसवलं होतं, ते जाऊ द्या. मैदानात उतरणाऱ्याच्या घरी कोण होतं, हे मला इतक्या वर्षांत एकानंही विचारलेलं नाही. हा खेळ सुरूच झाला तो घरच्या कार्यातून. इसवी सनापूर्वी 264 मध्ये ब्रूटस पेरा नावाच्या बड्या माणसाच्या मुलांनी बापाच्या उत्तरक्रियेत, गुरांच्या बाजारात, तीन जोड्या लढवल्या. रोममधली ही पहिली नोंद. एका घरचे दिवस घालायला दुसऱ्या घरची माणसं.

सैन्यातही घरच्यांची तीच गत. सेप्टिमिअस सेव्हेरस या बादशहानं 197 च्या सुमारास सूट देईपर्यंत सैनिकाला कायद्यानं लग्न करता येत नव्हतं. आणि ब्रिटनमध्ये विंडोलांडाच्या किल्ल्यात, सैनिक राहायचे त्या खोल्यांतून, लहान पोरांचे चामडी जोडे निघालेत. कायद्याच्या कागदावर नसलेली पोरं किल्ल्याच्या चिखलात जोडे हरवत होती. ग्लॅडिएटर तर बरेचसे गुलाम. गुलामाच्या लग्नाला कायदा लग्नच मानत नसे. तरी थडग्यांवरच्या मजकुरात बायका आहेत, मुली आहेत.

मिलानमध्ये असाच एक दगड मिळालाय, तिसऱ्या शतकातला. माणसाचं नाव उर्बिकस, मूळचा फ्लॉरेन्सचा. सेक्युटर म्हणजे जाळं आणि त्रिशूळ घेतलेल्या गड्याचा पाठलाग करणारा. त्याची ढाल आणि आखूड तलवार सैनिकाच्याच घाटाची. (हे दोन धंदे एकमेकांपासून फार लांब नव्हतेच. इसवी सनापूर्वी 105 मध्ये रुटिलिअस या कॉन्सलनं, म्हणजे रोमच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यानं, सैनिकांना तलवार शिकवायला ग्लॅडिएटरांचे वस्ताद बोलावले होते.) शिरस्त्राण मात्र सैनिकाचं नव्हे. जाळं अडकू नये म्हणून गुळगुळीत, आणि त्रिशूळाचं टोक शिरू नये म्हणून डोळ्यांपुढे दोन बारीक भोकं. त्यातून श्वास किती वेळ पुरणार? तेरा लढती लढला, बावीस वर्षं जगला. दगड बसवला त्याची बायको लॉरिशिआ हिनं, सात वर्षांचा संसार. मुलगी ऑलिंपियास, तिला तो पाच महिन्यांची असताना सोडून गेला. आणखी एक नाव आहे, फॉर्चुनेन्सिस. कोरणाऱ्याचं व्याकरण कच्चं, म्हणून ती दुसरी मुलगी की मुलीची दासी यावर अभ्यासक भांडतात. आणि मग हे: "मी तुला बजावते, ज्यानं ज्याला हरवलं त्यानं त्याला मारून टाकावं."

हा मजकूर मी मामीला मराठीत वाचून दाखवला, त्याला कारण होतं.

माझा मामा पैलवान. सणासुदीला, जत्रेत मैदानं मारायचा. एका जत्रेच्या मैदानात प्रतिस्पर्ध्यानं धोबीपछाड मारली आणि मामा मानेवर पडला. आम्ही बायका-मुली तेव्हा घरी. मुलींना कोण नेतंय मैदानावर? पण हलगी माळवदावर ऐकू यायची आणि तिच्यावरून काय चाललंय ते मामीला कळायचं. जोड लागली की ती चढायची, कुस्ती झाली की मोकळी व्हायची. त्या दिवशी ती मध्येच थांबली. मामीचे हात परातीत होते, ते तसेच राहिले. आजीनं देवाकडे तोंड केलं. बराच वेळ काही नाही. मग हलगी पुन्हा सुरू झाली, जोरात. मामीनं सुस्कारा सोडला, म्हणाली, "उठलं वाटतं," आणि भाकरी थापायला घेतली. आम्हीही निर्धास्त झालो. मामा तेव्हा जीपमध्ये आडवा होता, गाडी मिरजेच्या वाटेला लागली होती. हलगी पुढच्या जोडीसाठी वाजत होती.

त्यानंतर मामा कमरेखाली कधी हलला नाही. पुष्कळ वर्षं खाटेवर जगला. ज्यानं पाडलं तो गडी दर दिवाळीला पेढे घेऊन यायचा. दोघं तालमीच्या गप्पा मारत, हसत. मामी चहा ठेवून आत जायची. एक शब्द बोलायची नाही.

मामा गेल्यावर, पुष्कळ दिवसांनी, मी तिला उर्बिकसचा दगड वाचून दाखवला. ती शेंगा फोडत होती.

"काय लिवलंय म्हणालीस? परत वाच."

मी परत वाचलं.

"बरोबर हाय तिचं," मामी म्हणाली. "ह्यानं कुणाला तरी सोडला आसंल. त्योच फिरून आला आन् ह्येला खाऊन गेला."

अभ्यासकांचा अंदाज नेमका हाच आहे. ते ऐकून ती म्हणाली, "त्यात शिकायचं काय आलं?" थोड्या वेळानं मान न उचलता पुन्हा बोलली, "पर ज्याला सोडला त्योबी कुणाचा तरी न्हवराच की गं. मारला आसता तर त्या बाईनंबी आसलाच दगूड बसिवला आसता."

मी विचारलं, "मग पेढे आणणाऱ्याला तू चहा का द्यायचीस?"

"तुज्या मामाला बरं वाटायचं म्हणून. मला कोन इचारलंय?"

बघवतं कसं, असं मला विचारता ना? मी दगडाकडे बघते, मैदानाकडे नाही, असं सांगून सुटता आलं असतं. पण उर्बिकसच्या तेरा लढती मी मनात लढवून बघितल्या आहेत. तो कुठल्या पायावर भार देत असेल, जाळं कसं चुकवत असेल, सगळं. आणि खासबागेवरून जाताना आत हलगी वाजली की आजही माझी मान वळते. मामीची वळत नाही. दोघींपैकी कुणाचं बरोबर, ते मला विचारू नका.

त्या दगडावर आणखी एक ओळ आहे, आणि तिच्यावरून आमचं अजून जमलेलं नाही. लॉरिशिआ शेवटी म्हणते, त्याच्या चाहत्यांनी त्याच्या आत्म्याला जपावं. चाहत्यांनी! ज्यांनी वर बसून आरोळ्या ठोकल्या त्यांनाच. मला वाटतं, नवऱ्याचं नाव टिकवायचं तर तेच लोक उरले होते, आणि तिलाही त्या नावाचा अभिमान असणार. मामीला हे मुळीच पटत नाही. तिचं म्हणणं, अभिमान-बिभिमान काही नाही, कमावणारा गेलेला, पदरात तान्ही पोर. "दगडाला पैसं कुनी दिलं आसतील, त्ये बग आधी."