एकच मिड-लेंथ, तिघांसाठी

सर्फिंगसाठी मिड-लेंथ, म्हणजे मधल्या लांबीचा, बोर्ड घ्यायचाय असं कोणी म्हणालं की मी आधी लांबी विचारतच नाही, तुझं वजन किती आणि जास्त करून कुठल्या बीचवर जातोस एवढंच विचारते. कारण ७ फुटी बोर्ड म्हणजे काहीही असू शकतं, एखादा ३८ लिटरचा पातळ असतो, दुसरा ५० लिटरचा जाडजूड (लिटर म्हणजे बोर्डाचं घनफळ, जितकं जास्त तितका तो तरंगवतो), आणि दुकानात शेजारीशेजारी उभे केले की नवीन माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. पाण्यात गेल्यावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आम्ही कॅलिफोर्नियात सॅन डिएगोत राहतो आणि घरात एक मिड-लेंथ तिघं वापरतो. मी मध्यम पातळीवरची, म्हणजे हिरव्या, अजून न फुटलेल्या लाटेवर उठते, तिच्या भिंतीला धरून आडवी जाते, वळण जमतं पण दरवेळी नाही. नवरा बऱ्यापैकी पुढे आहे. आणि भाचा इथे शिकायला आलाय, तो आत्ता कुठे फुटलेल्या लाटांच्या फेसाच्या बाहेर पडतोय. बोर्ड आहे ७ फूट २ इंच लांब, सव्वाएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, साधारण ४५ लिटर. माझं वजन ५८, नवऱ्याचं ७४. ढोबळ हिशोब असा की अगदी नवीन असाल तर जितके किलो तितके लिटर किंवा थोडे जास्तच हवेत, मध्यम असाल तर वजनाच्या ६५-७५ टक्के आणि चांगलं येत असेल तर ५०-६० टक्क्यांत मिड-लेंथ छान चालतो. म्हणजे हा बोर्ड मला भरपूर तरंगवतो, नवऱ्याला नेमका बसतो आणि ६५ किलोच्या भाच्याला कमी पडतो. म्हणून त्याला सुरुवातीला आम्ही हा दिलाच नाही, ८ फुटी फोमचा बोर्ड भाड्याने घेतला आणि इथल्या ला होया शोर्स बीचच्या सपाट वाळूवर सोडला, उठणं अंगात मुरल्यावर मगच हा. मिड-लेंथ सगळ्यांना चालतो असं सर्रास सांगतात ते मला अजिबात पटत नाही, पहिल्या दिवसापासून तो कुणालाच देऊ नये.

आता दुकानात काय बघायचं. बोर्ड काखेत घ्या आणि कडा, म्हणजे रेल, चिमटीत धरून बघा. गोलमटोल जाड रेल असेल तर बोर्ड चुका पोटात घालतो पण लाटेच्या भिंतीत शिरत नाही, तुम्ही झुकता आणि तो नुसता वर तरंगत राहतो. मधे जाड आणि कडेला पातळ होत गेलेला असेल तर पॅडलिंगला, म्हणजे पालथं पडून हात मारताना, जोर मिळतो आणि वळताना कडा पकडते पण, तिघांत वापरायचा तर असाच हवा. मग बोर्ड आडवा धरून एका डोळ्याने शेपटीकडून नाकाकडे बघा, किती वाकलाय ते कळतं. सपाट बोर्ड लाट लवकर पकडतो, इथल्या टूरमलीन बीचसारख्या संथ लाटांना मस्त, पण ब्लॅक्स बीचला तोच पाण्यात नाक खुपसतो. तिथे समुद्राखाली खोल घळ आहे, स्क्रिप्स कॅनियन, त्यामुळे लाटेचा जोर आटत नाही आणि ती एकदम उभी राहते. आम्ही नाकाला थोडा बाक असलेला घेतला, संथ लाटेत किंचित जास्त हात मारावे लागतात, तेवढं चालतं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे फिन, शेपटीखालचे पर, आणि लोक तिकडे बघतच नाहीत. मधे एक लांब फिन आणि बाजूला दोन छोट्या, याला टू प्लस वन म्हणतात. मधली फिन खाचेत पुढेमागे सरकवता येते, स्क्रू ढिला करायचा, सरकवायची, घट्ट करायचा. मागे घेतली की बोर्ड सरळ आणि स्थिर, पुढे घेतली की मोकळा. भाचा नेतो तेव्हा पूर्ण मागे, नवरा नेतो तेव्हा पुढे आणि बाजूच्या दोन्ही लावून, मी लाटा लहान असल्या की बाजूच्या काढूनच टाकते, एकाच फिनवर तो इतका सुरेख लांबवर घसरत जातो की बास. पाचेक मिनिटांचं काम, आणि बोर्ड प्रत्येकाला वेगळा वाटतो.

एक अडचण आहे ती सांगून ठेवते, ४५ लिटर माझ्या वजनाला डकडाइव्ह होत नाही, म्हणजे येणाऱ्या लाटेखालून बोर्ड दाबून पलीकडे नेता येत नाही. लाट अंगावर आली की दोन्ही रेल घट्ट धरून उलटं व्हायचं आणि बोर्डाखाली लटकायचं, ती गेली की परत सरळ. हे आधी शिका, कारण घाबरून बोर्ड सोडून दिलात तर तो लीशच्या, म्हणजे पायाला बांधलेल्या दोरीच्या, टोकापर्यंत मागे जातो आणि मागे कुणाचं तरी डोकं असतं.

हा आकार काही आजकालचं फॅड नाही. १९६६ ला जागतिक स्पर्धा इथेच सॅन डिएगोत झाली, ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग ९ फुटांहून लांब बोर्डावर जिंकला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत बोर्ड भराभर आखूड होत गेले, या वाटेत ७ फुटी आकार येऊन गेले. पुढे १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्याच सायमन अँडरसनच्या तीन फिनच्या बोर्डाने सगळ्यांना आणखी आखूडकडे नेलं. पण इथल्या स्किप फ्राय यांच्यासारख्या शेपर्सनी, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्यांनी, अंड्याच्या आकाराचे बोर्ड सोडले नाहीत आणि आजचे कित्येक मिड-लेंथ त्याच घराण्यातले आहेत.

पुण्या-मुंबईहून गोव्याला अश्वे-मांद्र्याला शिकायला जाणाऱ्यांनी लगेच विकत घ्यायची घाई करू नका. पावसाळ्यानंतर तिथल्या लाटा बहुतेक लहान आणि नरम असतात, अशा पाण्यात उठणं जमायला लागल्यावर साडेसात फूट, २२ इंच रुंद, ५० लिटरच्या आसपासचा बोर्ड बराच काळ पुरेल, पण आधी सर्फ स्कूलमधले दोन-तीन वेगवेगळे भाड्याने घेऊन बघा आणि प्रत्येकाचे आकडे लिहून ठेवा, बोर्डावर नाहीतर पाठीमागे पेन्सिलने लिहिलेले असतात.

आणि वापरलेला मिळाला तर खुशाल घ्या, फक्त उभं राहायच्या जागी अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागलं तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय, सोडून द्या. पिवळा पडलाय म्हणून नाही म्हणू नका, उन्हाने होतं ते. फिनच्या खाचेभोवती बारीक चीर दिसली तर मात्र तिथून पाणी आत जातं, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.