हळद पावडरचा प्रोजेक्ट रिपोर्ट आम्ही कसा केला

हळद पावडरचं युनिट टाकायचं असं मी आणि जाऊबाईंनी ठरवलं, तेव्हा सांगलीच्या गावभागात ओळखीतली जागा स्वस्तात मिळत होती. पण २०१९ चा पूर आम्ही बघितलेला, त्यामुळं भाडं जास्त असूनही कुपवाडचं शेड घेतलं. हळद दळणारा पल्वरायझर, चाळणी, पॅकिंग मशीन आणि धूळ ओढणारी यंत्रणा मिळून आठ लाखांची कोटेशनं आली. कर्जासाठी बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचा होता. कोटेशन लावलं की रिपोर्ट झाला, असंच जो तो सांगत होता. एका एजंटनं तर तयार रिपोर्ट पुढं केला, फक्त नाव-पत्ता बदलायचा. त्यात बाराही महिने सारखी खरेदी आणि सारखी विक्री होती. हळदीच्या धंद्यात असं कुठं असतं?

आम्ही आधी सांगली-मिरजेतल्या किराणा दुकानांत जाऊन विचारलं. दोन गोष्टी कळल्या. एक, नव्या पाकिटाला दुकानदार महिनाभर उधारी मागतो. दुसरी जास्त महत्त्वाची: उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते, मिरचीबरोबर हळदही कांडपावरून दळून येते, त्यामुळं तेव्हा पाकिटाला उठाव कमी. आणि मार्केट यार्डातले हळदीचे सौदे जोरात असतात तेही साधारण याच दिवसांत. म्हणजे माल भरायचा तेव्हाच गल्ला हलका.

म्हणून जाऊबाईंनी मोठ्या वहीत बारा रकाने आखले आणि महिन्यागणिक येणारा-जाणारा पैसा लिहायला घेतला. पहिल्या वर्षी १६ टन पावडर, सरासरी २५० रुपये किलोनं ४० लाखांची उलाढाल. साफसफाई आणि दळण्यातली घट धरून १७० क्विंटल हळद लागणार. क्विंटलला १५,००० चा भाव धरला तर सगळा माल हंगामात भरायला साडेपंचवीस लाख हवेत. मशीन आठ लाखांची आणि हळद साडेपंचवीस लाखांची! धंद्याचा खरा भार कुठं आहे ते त्या वहीनं दाखवलं.

बँकेतल्या साहेबांनीही पहिला प्रश्न हाच केला. "मॅडम, मशीनचं जमेल. हळद कशाच्या पैशानं घेणार?"

खेळत्या भांडवलाचा, म्हणजे माल आणि उधारीत फिरणाऱ्या पैशाचा, हिशेब लहान उद्योगांसाठी साधारण असा करतात: अंदाजे उलाढालीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के आपले. आमच्या ४० लाखांवर दहा लाख होतात. आठ लाख बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचे आणि परत भरायचे), दोन लाख आमचे. या हिशेबात पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो असं गृहीत आहे. वर्षाची हळद एकदम भरली तर तो कसा फिरणार?

मग पुन्हा वही. दहा लाखांतले सव्वातीन लाखांहून थोडे जास्त उधारीत अडकणार, थोडे पॅकिंगमध्ये. हळदीला राहिले सहा लाख, म्हणजे ४० क्विंटल, जेमतेम पावणेतीन महिन्यांचा माल. उरलेले १३० क्विंटल महिन्याच्या महिन्याला यार्डातल्या व्यापाऱ्यांकडून घ्यायचे ठरवले आणि त्यांचा भाव मुद्दाम १७,५०० धरला. नफा सव्वातीन लाखांनी खाली आला. जाऊबाईंचा जीव हळहळला, पण मी अडून बसले. महाग हळदीवर हप्ता निघत असेल तरच कर्ज काढायचं.

अनुदानासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज केला. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, आणि स्वतःचे किमान १० टक्के. आमच्या मशीनवर २ लाख ८० हजार बसले. मात्र ही रक्कम हातात येत नाही. ती बँकेत वेगळी ठेवतात आणि तीन वर्षं कर्ज नीट चालू, युनिटही चालू असेल तरच कर्जात वळती होते. त्यामुळं पहिल्या तीन वर्षांच्या तक्त्यात आम्ही अनुदानाचा एक रुपयाही धरला नाही. नवीन कुणी विचारलं तर हे मी आधी सांगते. योजनेतली जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज आणि रिपोर्टला मदत करते, तिचं मानधन योजनेतून जातं. आमचा अर्ज तसाच भरला गेला.

विक्रीच्या पानावर 'अस्सल सांगली हळद' लिहायचा आग्रह घरच्यांचा होता. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) मिळालंय, पण यार्डात मराठवाड्यातून आणि परराज्यांतूनही हळद येते. अडत्याकडून घेतलेली सगळी हळद इथलीच, असं मी कुठल्या तोंडानं लिहू? ते वाक्य काढलं.

कर्ज मंजूर झालं. सीसीतून किती उचल करता येते हे शिल्लक माल आणि उधारीवरून ठरतं, त्यासाठी दरमहा बँकेत स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. जुनी, थकलेली उधारी बँक त्यात धरत नाही. म्हणून मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय दुकानदाराला पुढची पेटी द्यायची नाही, हे जाऊबाईंनी पहिल्या महिन्यापासून लावून धरलंय.